नऊ म्हणजे दहा

एल्डरविक गावात चारुदत्त आठल्यांना सगळे चार्ली म्हणतात. त्यांना ते मुळीच आवडत नाही. पण पूर्ण नाव सांगायला घेतलं की समोरचा माणूस अर्ध्यातच दमतो. शेवटी त्यांनी नाद सोडला.

गाव नॉर्थ कॅरोलायनातलं, ते राहतात त्या कॅरी शहराहून गाडीने तासा-दीड तासाच्या अंतरावर. इंग्रजांनी नदीकाठी वसवलेलं. एक बुटकं चर्च, धक्क्याकडे उतरणारी विटांची गल्ली, आणि त्या काळच्या एका औषधवाल्याचं लाकडी घर. आठल्यांचा जीव त्या घरात. त्यांची सगळी नोकरी औषधांच्या कंपनीत गेली. निवृत्त झाल्यावर बरोबरीची मंडळी गोल्फकडे वळली, काही भजनाकडे. आठल्ये एकदा वाट चुकून एल्डरविकमध्ये शिरले, त्या घरातल्या बरण्या पाहिल्या, आणि संपलं. गावाच्या इतिहास मंडळात जाऊन त्यांनी गाइडची परीक्षा दिली, गळ्यात बिल्ला घातला आणि दर शनिवारी सकाळी दहाला लोकांना गाव दाखवू लागले.

सुरुवातीला लोक यायचे. मग ओसरले. आठल्ये बोलत चांगलं, पण सोडत काहीच नसत. चर्चची वीट कुठल्या मातीची, तेही सांगायचे. शेवटी शेवटी तर एखादं म्हातारं जोडपं आणि त्यांचा कुत्रा.

यंदा इतिहास मंडळावर कॅरल नावाची नवी डायरेक्टर आली.

"चार्ली, लोकांना भुतं हवीत," ती म्हणाली. "कंदील घेऊन, संध्याकाळची फेरी."

"या गावात भुतं नाहीत."

"ती आपण आणू."

आठल्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. कॅरलने त्यांना एक संधी दिली. या शनिवारी ती स्वतः येईल. बऱ्यापैकी माणसं दिसली तर आठल्यांची फेरी चालू राहील. नाही दिसली तर हा सीझन भुतांचा. दोन फेऱ्या चालवायला इतिहास मंडळाकडे पैसा नाही.

माणसं जमवणं आठल्यांना काही नवं नव्हतं. कॅरीतल्या महाराष्ट्र मंडळाचं सेक्रेटरीपद त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं होतं, आणि त्यात एक गोष्ट पक्की शिकले होते. आरती अकराला असली की पत्रिकेत दहा लिहायचं. आपली माणसं तासभर उशिरा येतातच. म्हणजे बरोबर वेळेवर येतात. या हिशोबाने त्यांचा एकही गणपती खोळंबला नव्हता.

त्यांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: शनिवारी सकाळी नऊ वाजता, एल्डरविक, कोर्टाच्या जुन्या इमारतीसमोर. कृपया वेळेवर यावे.

त्यांच्या बायकोने, रत्नाताईंनी, चष्म्यावरून पाहिलं. "अहो, या वेळी तरी खरी वेळ टाका. त्या बाईसमोर शोभा नको."

"तुला मंडळ माहीत नाही."

"मला माहीत नाही? मग इतकी वर्षं दोन-दोनशे माणसांचा साबुदाणा कोण भिजवत होतं?"

आठल्ये फोनकडे वळले. ग्रुपवर होकाराचे अंगठे उमटत होते. एकामागून एक. त्यांनी मोजायचं टाळलं, पण चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं.

शनिवारी ते भल्या सकाळी निघाले. आधी गावाच्या दुसऱ्या टोकाला इतिहास मंडळाच्या ऑफिसात गेले. किल्ल्या तिथून घ्यायच्या असतात. कॅरलने कॉफी दिली. फोन बंद करून त्यांनी तिला बसवून सगळं समजावलं. आज किती कुटुंबं येताहेत. लहान मुलं आहेत. औषधवाल्याच्या तळघरात सगळे एकदम मावणार नाहीत, दोन गट करावे लागतील. कॅरल म्हणाली, "वा, चार्ली!" दहाच्या आधी दोघं चालत कोर्टापाशी आली.

कोर्टासमोरचं बाकडं रिकामं होतं. बाकड्याखाली ज्यूसचा एक चेपलेला डबा पडला होता.

"येतील," आठल्ये म्हणाले. "आमच्याकडे थोडा उशीर होतो."

"थोडा म्हणजे किती?"

आठल्ये रस्त्याच्या वळणाकडे पाहत राहिले. एक पिकअप आला, गेला. कॅरलने दोनदा घड्याळ पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या मुलीच्या मॅचची वेळ झाली होती.

"सॉरी, चार्ली," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. म्हणूनच ते जास्त लागलं. "तू बोलतोस मात्र छान. भुतांसाठी मला माणूस लागणारच आहे. विचार करून सांग."

"त्यात विचार काय करायचा?"

"म्हणजे हो?"

"म्हणजे नाही."

कॅरलने हात पुढे केला. आठल्यांनी किल्ल्यांचा जुडगा दिला. मग गळ्यातला बिल्लाही काढून दिला. तिने तो मागितला नव्हता.

ती गेल्यावर त्यांनी फोन चालू केला. फोन थरथरतच राहिला. काका, आम्ही पोचलो. काका, इथे कोणीच नाही. काका, बरोबर जागेवर आहोत ना? काका, मुलं कंटाळलीत, पॅनकेक खाऊन येतो. सगळे मेसेज नऊच्या पुढचे, आणि सगळे नव्या मुलांचे. अलीकडेच कॅरीत आलेले, आयटीतले, वेळ पाळणारे.

ती मंडळी परतली तेव्हा पोटं भरलेली होती. पुढे अमेय होता, नागपूरचा. सोबत महिन्याभरासाठी आलेली त्याची आई, सुहासिनीबाई.

"काका, तुम्ही नऊ म्हणालात ना?"

"अरे, मंडळात नऊ म्हणजे दहा!"

"हे कुठे लिहिलंय?"

"लिहायचं कशाला? सगळ्यांना माहीत असतं!"

"मला नव्हतं, काका. माझा पहिलाच कार्यक्रम." अमेयचा आवाज चढला. "आईला घेऊन साडेसातला निघालो. थंडीत उभी होती ती."

आठल्यांना ओरडायचं होतं. कोणावर, ते कळेना.

तेवढ्यात जुनी मंडळी उगवली. अतुल रिसबूड पुढे, हातात पोह्यांचं पातेलं. "काय चारू, वेळेवर आलो की नाही?"

"वेळेवर? अकरा वाजून गेलेत, अतुल!"

"तुझे नऊ म्हणजे दहा. आणि दहाच्या कार्यक्रमाला दहाला कोण येतं? तू काय आजचा ओळखीचा आहेस?" रिसबूड हसले. मग त्यांना आठल्यांचा चेहरा दिसला आणि त्यांनी पातेलं बाकड्यावर ठेवलं.

रस्त्यात माणसंच माणसं झाली होती. कॅरलने मागितली होती त्याहून कितीतरी जास्त. आठल्यांनी तिला फोन लावला. मागे शिट्ट्या वाजत होत्या. ती म्हणाली, ऐकू येत नाही, सोमवारी बोलू. सोमवारी ती काय बोलणार, ते त्यांना ठाऊक होतं.

"फेरी रद्द," त्यांनी जाहीर केलं. "मला आता परवानगी नाही. किल्ल्याही नाहीत."

"रस्ता काय तिच्या बापाचा आहे?" रिसबूड म्हणाले. "बाहेरून दाखव."

"बाहेरून काय दिसणार, डोंबल?"

कोणी हललं नाही. थोडे पोह्यांकडे सरकले, पण गेलं कोणीच नाही. आठल्ये तिरमिरीत वळले आणि चालू लागले. मागे सगळे निघाले. चर्चपाशी ते थांबले नाहीत. विटांबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. थेट औषधवाल्याच्या घराशी आले. दाराला कुलूप. त्यांनी खिडकीच्या काचेवर दोन्ही हात धरले आणि आत पाहिलं. जुनी, वाकडीतिकडी काच. आत अंधार.

"डाव्या हाताला फळी आहे," ते काचेकडे तोंड करून म्हणाले. मराठीत हे त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. शब्द अडत होते, त्यानेही चीड येत होती. "वरच्या बरणीत ज्येष्ठमध. खोकल्याला. त्याच्याखाली सोनामुखी."

"सोनामुखी?" सुहासिनीबाई पुढे आल्या. "पोट साफ करायला देतात ती? इथल्या गोऱ्यांकडे?"

"तीच. जहाजाने यायची."

"आमची आजी द्यायची नं जी. अस्सी कडू!" त्या खिडकीशी आल्या आणि पदर डोळ्यांच्या बाजूला धरून आत वाकल्या. आठल्ये जरा सरकले.

"दिसतंय का काही?"

"काही नाही दिसत, भाऊ."

"मग ऐका," आठल्ये म्हणाले.