कुलूपबंद घरातला खोकला

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि नांदेडच्या बागेत गोल गोल फिरून माझा घाण्याचा बैल झाला. म्हणून शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एक छंद लावून घेतला. सकाळी एसटीचं हाफ तिकीट काढायचं, कुठंतरी उतरायचं, तिथली बाग बघायची, दोन-तीन खेडी पायी पालथी घालायची आणि दिवेलागणीला घरी. त्या दिवशी उदगीरला उतरून पुढं देवणीची गाडी धरली. त्या वाटेवर माझं माहेर आहे, हा काही योगायोग नव्हता.

तीन वर्षं मी तिकडं फिरकले नव्हते. आईच्या तेराव्याला सगळ्या भावकीदेखत मी धाकट्या भावाला म्हणाले होते, "आई रात्र रात्र खोकत होती. तुला ऐकू कसं आलं नाही?" तो उठून बाहेर गेला. मग मीही फोन केला नाही. बोलायला फटकळ आणि माघार घ्यायला जड, असा माझा स्वभाव. आता तो मला दारात उभं करतो का, एवढंच बघायचं होतं.

खरं तर उदगीरच्या बागेतच मला कळायला हवं होतं. झोपाळे रिकामे, फुगेवाला नाही, रखवालदाराची नुसती खुर्ची. बाजारातली शटरं खाली. देवणीच्या गाडीत आम्ही तिघंच. तिकीट देताना कंडक्टर म्हणाला, "बाई, आज तुमी गाडीत कसं काय?" मला वाटलं, वयावर बोलतोय. "का, म्हातारीनं फिरू नये?" असं फाडकन बोलले. बिचारा पुढच्या बाकाकडं सरकला.

फाट्यावर उतरले आणि पहिल्या खेड्यात शिरले. दारोदार कुलपं. पारावर कुणी नाही, गिरणी बंद, गोठ्यांत नुसती दावी पडलेली. एका अंगणात चूल अजून धुमसत होती, पण जवळ माणूस नव्हतं. एक कुत्रं न भुंकता चार घरं माझ्यामागं आलं आणि थांबलं. भर दुपारी अंगावर काटा आला. मी पाय उचलला.

माहेरच्या गावातही तेच. भावाच्या दाराला कुलूप. तरी मी कडी वाजवली, आणि आतून खोकला आला. कोरडा, दोनदा, मग दम घेऊन तिसऱ्यांदा. माझी आई अशीच खोकायची. "कोण आहे?" मी विचारलं. पुन्हा कडी वाजवायची माझी छाती झाली नाही. मागं न बघता शिवाराची वाट धरली.

गाव मागं पडलं तशी लांबून एक हाळी आली, मग दुसरी. ज्वारीत जागोजाग कडब्याच्या खोपी, बैलगाड्या, पंगती. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. आज वेळ अमावस्या. गावंच्या गावं कुलूप लावून शेतात जेवायला जातात तो दिवस. लातूरकडची लेक मी, आणि फ्लॅटात राहून हाच दिवस विसरले. स्वतःचीच लाज वाटली.

या दिवशी बांधावरून जाणाऱ्याला आंबील पाजल्याशिवाय सोडत नाहीत, मग तो वैरी का असेना. त्या भरवशावर मी भावाच्या बांधावर जाऊन उभी राहिले. तो मडक्यातली आंबील पिकावर शिंपडत येत होता. मला बघून थबकला. मग खोपीकडं वळून बायकोला म्हणाला, "अक्का आलीय. ताट वाढ."

सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी आणि भाकरी समोर आली, पण घास उतरेना. "घरी कोण थांबलंय?" मी विचारलं.

"कोण असणार, वन्सं? कुलूप लावून आलाव की सगळे," भावजय म्हणाली.

भावानं हातातला तांब्या खाली ठेवला. "खोकला आला का आतून?"

मी मान डोलावली.

"मला तीन वर्सं झालं ऐकू यायलाय," तो म्हणाला. "तू बोललीस त्या दिवसापास्नं. रोज रातच्याला उठून बघतो. कुणी नसतंय."

घरात कोण खोकलं ते मला आजही सांगता येणार नाही. त्याच्या मागं ते कुणी लावून दिलं, ते मात्र तिथंच कळलं. परतीची गाडी मी सोडून दिली.

"आज तू झोप," मी म्हणाले. "मी उठून बघते."