त्याचा नंबर घेऊ नका

सोमवारी सकाळी इथे न्यूझीलंडमधल्या पुकेकोहेत सगळे कामाला पळतात आणि मी टीव्हीपुढे बसते, मांडीवर बाळ, आणि बाळाचं लाळेरं माझ्याच दातात. तिकडे अमेरिकेत तेव्हा रविवार असतो, माझा नवरा खेळत असतो. तो टोंगन आहे, पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचा. मी निफाडहून बारावी अर्धी सोडून इथे आले, कांद्याच्या पॅकहाउसमध्ये लागले, तिथे हा पोती उशांसारखी उचलायचा. मग कुणीतरी त्याचं रग्बी बघितलं आणि त्याला अमेरिकन फुटबॉलला नेलं.

काम काय, तर चेंडूला हातसुद्धा लावायचा नाही. मागे चेंडू फेकणारा उभा असतो, त्याच्यावर धावून येतात त्यांना आपल्या अंगानं अडवायचं, परत परत, मॅच संपेपर्यंत. नीट अडवलं तर टीव्हीवाले याचं नावही काढत नाहीत. पाठीवरचा नंबर घेतला म्हणजे एकतर चुकला, नाहीतर पडला. गेल्या वर्षी मानेला लागलं, डॉक्टर म्हणाले, परत झालं तर उजवा हात जाईल. तेव्हापासून मी टीव्हीपुढे बसते पण मान खाली घालून, नुसती ऐकते, त्याचा नंबर येऊ नये म्हणून.

बाळासाठी आई आलीय निफाडहून. तिला मी हे हजारदा सांगितलं. पण त्या सोमवारी नंबर घेतला, अख्ख्या पडद्यावर हा, आणि आईनं टाळ्याच वाजवल्या.

"घेतलं गं नाव! जावईबापूंचं घेतलं! थांब, साखर आणते."

"आई, गप! पडलाय तो!"

तो गुडघ्यांवर होता, उजवा हात नुसता लोंबत होता. आईचं तोंड उतरलं. "माझीच नजर लागली," म्हणाली आणि आत पळाली. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या घेऊन आली. जावई तर इथे नाही, मग दारातल्या त्याच्या जँडल्सवरून, म्हणजे रबरी चपलांवरून उतरवलं, आणि टाकलं तापल्या तव्यात. झालं, छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागला, बाळ किंचाळलं, मी खुर्चीवर चढून टॉवेल हलवतेय, खाली आई खोकतेय.

"ठसका लागला गं! म्हणजे नजर नव्हतीच!"

"मग मान असेल ना, आई!"

अलार्म थांबला तेव्हा टीव्हीवर त्याच्या जागी दुसराच कुणी उभा होता. तो उठला कसा, चालत गेला की उचलून नेला, काहीच कळलं नाही. मी घरभर फिरत राहिले, फोन हातात, बाळ कडेवर.

दुपारी व्हिडिओ कॉल आला. हसत होता. "स्वीट ॲज, बेब, एकदम मस्त. खांद्यातून वीज गेल्यासारखं झालं, बस."

फोन डाव्या हातात होता.

"उजवा दाखव."

"बाळाला दाखव ना आधी."

"उजवा दाखव म्हणते ना."

दाखवला. बोटं मिटली, उघडली, पण सावकाश. मी म्हटलं, घरी ये. तो म्हणाला, सीझन संपू दे.

पुढच्या सोमवारी परत त्याच जागी तो. आई माझ्याजवळ, हात मांडीखाली दाबून बसलेली. कितीतरी वेळानं हळूच विचारते, "नाही ना घेतलं नाव?"

"नाही."

"मग साखर आणू?"

"बस गं आई. संपलं नाहीये अजून."