लक्ष्मीच्या पावलांची नानकटाई

शेंगोळ्या मला चांगल्या येतात. वहीत लिहायचं म्हणून एवढं लिहिता आलं, तोंडाने कुणाला सांगितलं नसतं.

हुलग्याचं पीठ घ्यायचं. त्यात वाटलेला लसूण, जिरं, तिखट, मीठ घालायचं आणि पाणी अगदी बेताचं. पीठ इतकं घट्ट मळायचं की मनगट दुखलं पाहिजे. मग बोटाएवढी वळी करून तिची दोन टोकं जुळवायची. फोडणीच्या पाण्याला उकळी आली की एकेक सोडायची. थोडं पीठ पाण्यात कालवून वरून घातलं की रस्सा दाट होतो. शिजली का ते बघायला एक मोडून खायची. मी तीन खाते.

माझं माहेर पलूसकडचं. रहिमतपूरजवळच्या खेड्यात लग्न करून आले त्याला, ही गोष्ट घडली तेव्हा, चार वर्षं झाली होती. मालक पलटणीत, लढाई चालू. घरात सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, आणि माझी धाकटी नणंद, माझ्या वन्सं. चार वर्षं मी शेंगोळ्या, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, झुणका, भाकरी हेच केलं. माणसं जेवून उठत, ताटात काही उरत नसे, आणि कुणी काही बोलत नसे. न बोलणं म्हणजे बरं झालंय, अशी आमच्या घरची रीत. मला ती ठाऊक होती. तरी एकदा कुणीतरी तोंडाने म्हणावं, अशी मला फार हौस. आणि मी स्वतः मात्र दिवसाला दहा शब्द बोलले तर खूप.

त्या वर्षी मालक दिवाळीला रजेवर आले. येताना पलटणीतल्या गप्पा घेऊन आले. कुणाच्या घरून काय काय डबे येतात, कुणाच्या बायकोने नानकटाई पाठवली होती आणि ती कशी तोंडात विरघळली. माझ्याकडे न बघता सांगत होते, पण मला काय कळायचं ते कळलं.

नानकटाई मी तोवर दोनदा खाल्ली होती. खाल्ली म्हणजे येते, असं मी धरून चालले. रहिमतपुरात एक पावाची भट्टी होती. दिवाळीच्या आधी आसपासच्या बायका घरचं पीठ, तूप, साखर घेऊन तिथे जायच्या, तिथल्याच पत्र्यांवर गोळे मांडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी भाजलेला माल डब्यात भरून आणायच्या. साखर तेव्हा कार्डावर मिळायची. आत्याबाईंनी महिना दीड महिना चहात गूळ घालून ती साठवली होती. मडक्यातलं तूप काढून देताना त्या म्हणाल्या, "वाया घालवू नगंस म्हंजे झालं."

मैदा मिळत नव्हता. गव्हाचं पीठ फडक्यातून गाळून घेतलं, साखर कुटली, तूप घातलं. गोळा काही नीट होईना, भुगाच राहिला. मग मी जे मला येत होतं ते केलं. कोमट पाण्याचा हबका मारला आणि मनगट दुखेपर्यंत मळलं. काय सुरेख गोळा झाला! दगडावर आपटला असता तर दगडच फुटला असता. वर प्रत्येकावर पाच बोटं दाबली, शोभेला.

मालकांनी मला बैलगाडीतून भट्टीवर सोडलं आणि ते ओळखीच्या कुणाकडे बैल बघायला गेले. आत बायकांची ही गर्दी. मी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून एका कोपऱ्यात गोळे मांडले. भट्टीवाला पाटी-पेन्सिल घेऊन आला.

"नाव काय घालू?"

आता नाव म्हणजे मालकांचं. ते मी कसं घेणार? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आडनाव सांगावं तर आमच्या गावात दर दुसऱ्या घराचं तेच. मी पदर हनुवटीपर्यंत ओढला.

"अवो बाई, नाव सांगा. मला दुसरी कामं हाईत."

मी मांडलेले गोळे पुन्हा सरळ करायला लागले. त्याने कपाळाला हात लावला. "बरं, काय तरी खूण तर करा पत्र्यावर. खुणंनं देतो."

हे मला जमण्यासारखं होतं. खाली पडलेला कोळसा उचलला आणि पत्र्याच्या कडेला लक्ष्मीची दोन पावलं काढली. दिवाळीचे दिवस, लक्ष्मीची पावलं, किती शुभ! घरी येईपर्यंत माझ्या हुशारीवर मीच खूश होते. चौथी शिकल्याचा काही तरी उपयोग झाला म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी मालक जाऊन डबा घेऊन आले. ओट्यावर सगळ्यांसमोर झाकण उघडलं आणि वेलदोड्याचा वास आला. मी वेलदोडा घातलाच नव्हता. आतल्या नानकटाया पांढऱ्या, फुललेल्या, वरून हलकेच तडकलेल्या. पाच बोटं कुठे नाहीत. सांगणार, तेवढ्यात आत्याबाईंनी एक तोंडात टाकली. डोळे मिटले. उघडले. आणि चार वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या, "चांगलं झालंय गं."

मी म्हटलं, जरा वेळाने सांगू. मग म्हटलं, उद्या सांगू. मालक रजा संपवून निघाले तेव्हा उरलेला डबा त्यांच्या ट्रंकेत गेला, आणि सांगायचं राहूनच गेलं.

पुढे त्यांचं पत्र आलं. घरातल्या बायकांत वाचता येणारी मी एकटी, त्यामुळे पत्र मीच मोठ्याने वाचायचं. "नानकटाई सगळ्या पलटणीत वाटली, सगळ्यांनी तिचं नाव काढलं," हे माझ्याच तोंडाने मला वाचावं लागलं. मी मधेच अशी खाकरले की आत्याबाई म्हणाल्या, "खोकला झाला का काय?" मी पुढे वाचलं. औंधाकडचा एक शिपाई त्यांच्याच तुकडीत होता, चांगल्या घरचा, बागायत असलेला. त्याने चार खाल्ल्या. बोलता बोलता त्याला मालकांच्या घरात लग्नाची बहीण आहे हे कळलं. त्याचे वडील आणि आत्या मुलगी बघायला येणार आहेत. आत्या खाण्यापिण्याची फार चोखंदळ. "त्यांना तीच नानकटाई करून घाल, म्हणजे काम फत्ते."

आत्याबाईंनी पत्र माझ्या हातातून घेऊन देव्हाऱ्यात ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी उलटं धरलेलं सुलटं करून ठेवलं. वन्संचं लग्न दोनदा मोडता मोडता राहिलं होतं, म्हणजे मोडलंच होतं, पण तसं म्हणायचं नाही. एका ठिकाणी रंग सावळा, दुसऱ्या ठिकाणी उंची जास्त. त्यांचं वय अठराच्या पुढे चाललेलं, गावात कुजबुज चालू. हे तिसरं स्थळ गेलं तर पुढे काय, हे आत्याबाईंना रोज सकाळी उठल्याबरोबर आठवायचं. आणि त्या स्थळाचं भवितव्य मी ठेवलं होतं एका परक्या बाईच्या नानकटाईवर.

तरी मी आत्याबाईंना सांगितलं नाही. बाजाराच्या दिवशी वन्संना घेऊन रहिमतपूरला निघाले, आणि गाडीत, गाडीवानाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बैलांकडे.

"म्हंजे वैनी, माझं लगीन दुसऱ्याच बाईच्या नानकटाईवर ठरतंय व्हय?"

"व्हय."

"आन तुमची कुठं गेली?"

"ठाव न्हाई."

"ज्यांनी खाल्ली असंल त्यांचं काय झालं असंल वो?"

याचं उत्तर भट्टीवाल्याच्या बायकोने दिलं. मी लक्ष्मीची पावलं म्हटल्याबरोबर तिने कमरेवर हात ठेवले. "पावलं? अवो, त्या दिवशी अकरा पत्र्यांवर पावलं हुती! नाव घ्यायला लाजणाऱ्या सगळ्यांनी पावलंच काढली. आमी कुनाची लक्ष्मी कुनाच्या घरी धाडायची?" मग तिने मला खाली वर न्याहाळलं. "बोटं उठवलेली तुमचीच का? जा, पेठंतल्या शिलाईवाल्याच्या घरी जा. ती बाई तुमाला आठ दिवस हुडकत हुती. तिच्या सासऱ्याचा दात गेलाय."

मला तिथूनच घरी परतायचं होतं. वन्संनी दंड धरून ओढत नेलं. शिलाईवाल्याची बायको दारात बसून काज करत होती. माझ्या मागून वन्सं म्हणाल्या, "पाच बोटांची नानकटाई ह्यांची." एवढंच.

बाईने सुई कापडात टोचून ठेवली. "तू व्हय ती! केवढा दगड केलास तरी? आमच्या मामंजींचा पुढचा दात, चांगला हालत नव्हता तो. आन माझी तेवढी साजूक तुपातली तू खाऊन बसलीस!"

मी रडायलाच लागले. माझं हे नेहमीचं, बोलायच्या वेळी रडू येतं. वन्संनीच सगळं सांगितलं, स्थळाचं, आत्याचं, पत्राचं. आतून सासरे बाहेर आले, मला बघून हसले, आणि खिंडार दिसलं. मी आणखी रडले.

"रडून तूप फेसतंय का?" बाई म्हणाली. "मी करून देनार न्हाई. शिकवीन. पाट घे."

परातीत तूप घेतलं आणि तळहाताने फेसायला लावलं. मी आपली मळायला लागले तर तिने हातावर चापट मारली. "भाकरी न्हवं ती! हलक्या हातानं." कितीतरी वेळ फेसलं. तूप पांढरं शुभ्र झालं. त्याचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला तो बुडाला. पुन्हा फेसलं, पुन्हा बुडाला. तिसऱ्यांदा तरंगला तेव्हा कुठे तिने पिठीसाखर घालू दिली. मग गाळलेलं पीठ, मूठभर बेसन, चिमूटभर सोडा, वेलदोडा. पाणी नाही. थेंबभरही नाही. "भुगा दिसला तरी भ्यायचं न्हाई. तळहाताच्या उबंनं गोळा हुतो. आन भट्टीत पाव निघाल्यावर ठेवायची, आच उतरल्यावर. आधी ठेवलीस तर बूड जळतंय."

हे सगळं मी घरी येऊन लिहून ठेवलं, आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तसंच केलं. फक्त भट्टीवर जायला घाई झाली. पाव निघायच्या आधीच पोचले आणि थांबा म्हणायचं धाडस झालं नाही. नावाच्या वेळी वन्संनीच भावाचं नाव सांगितलं, त्यांना ते घेता येत होतं. इतकी साधी गोष्ट होती.

पाहुणे आले. मुलाचे वडील, आत्या, आणखी पाच माणसं. वन्सं मान खाली घालून बसल्या. मी दाराआड. आत्याने नानकटाई उचलली, उलटी केली, बूड बघितलं. बूड काळपट होतं. अर्धी खाल्ली.

"ही ती न्हाई," ती म्हणाली. "आमच्या पोरानं सांगितली तशी न्हाई ही. कुटून इकत आणली का काय?"

आत्याबाईंचा चेहरा पडला. विकत आणली म्हणजे सून नाकर्ती, घर खोटं. वन्संच्या मानेवरची शीर उडताना मला दाराआडून दिसत होती. माझ्या तोंडून शब्द कसे निघाले मला माहीत नाही.

"आवं, इकतची न्हाई. ही माझी हाय. ती माझी नव्हती."

"आन ती कुनाची?"

झालं. एकदा तोंड उघडलं ते मिटेचना. सात परक्या माणसांसमोर मी हबक्यापासून सगळं सांगितलं. अकरा पत्र्यांवरची पावलं सांगितली, सासऱ्याचा दात सांगितला, तो हालत नव्हता हेही सांगितलं. मुलाच्या वडिलांनी पागोट्याचं टोक तोंडावर धरलं. आत्याला ठसका लागला. आणि वन्सं, ज्यांनी पापणीही वर उचलायची नव्हती, त्या खदखदून हसल्या, सगळे दात दाखवून. आत्याबाईंनी दाराशी येऊन माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो डाग आठ दिवस होता.

"कळवतो," म्हणून पाहुणे गेले. आठवडाभर आत्याबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. जेवताना तर नेहमीच बोलत नव्हत्या, आता इतर वेळीही नाही. वन्सं चुलीपुढे माझ्याजवळ बसायच्या. "मोडलं तर मोडू दे वैनी, हसायला तर आलं," म्हणायच्या आणि मग चुलीत फुंकत राहायच्या, जाळ असला तरी.

निरोप घेऊन औंधाकडचा माणूस आला तेव्हा मी गोठ्यात लपले. आत्याबाईंनीच बोलावलं. मुलगी पसंत होती. आत्याचं म्हणणं त्या माणसाने जसंच्या तसं सांगितलं: पोरगी हसली तवा दात बगितलं, सरळ हाईत, आन मन मोकळं हाय. रंगाचं, उंचीचं नावही नाही.

"आनी एक मागणी हाय," तो म्हणाला. "लग्नात वऱ्हाडाला नानकटाई पायजे."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पदर सावरला, जरा ताठ उभी राहिले.

"पर त्या शिलाईवालीच्या हातची," तो म्हणाला. "आत्यांनी लय बजावून सांगितलंय."

लग्नाच्या आदल्या दिवशी शिलाईवाली भट्टीवर गेली. मागे पत्रे उचलायला मी होते. तूप फेसायला तिने मला हात लावू दिला, पण थेंब पाण्यात टाकून बघितला तो तिनेच.