जुबलीतली झोळी

धुळ्याचं ज्युबिली थिएटर पाडलं, त्याच उन्हाळ्यात झुंबरबाईंच्या नातीला पाहायला नशिराबादची मंडळी आली.

थिएटर राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, एका कापूसवाल्या शेटजींनी बांधलेलं. सागवानी सज्जा, बिडाचे खांब. आधी नाटक कंपन्या उतरायच्या, पुढे सिनेमे लागले. पण बायकांची बाजू चिकाच्या, बांबूच्या कामट्यांच्या, पडद्याआडच राहिली. त्या पडद्याशी झुंबरबाईंची नोकरी. आत तान्हं मूल रडायला लागलं की आई ते त्यांच्या हाती द्यायची आणि पुन्हा खेळ बघायला बसायची. पडवीत जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली असे. झुंबरबाई झोका देत राहायच्या. नवरा लवकर गेलेला. याच पगारावर मुलगा हिलाल शिकला, जिल्हा परिषदेत चिकटला.

सुनेला, कमलला, मात्र त्याची लाज. सकाळी पोहे भिजवताना तिने बजावलं, "आई, थेटराचं काढू नका. लोक भलतंच समजतात. शाळेत होते म्हणा."

"बरं," झुंबरबाई म्हणाल्या. नातीचं हे चौथं स्थळ होतं.

पाहुण्यांत मुलाची आजी होती, भिकुबाई. चहा बशीत ओतता ओतता ती थांबली.

"तू जुबलीवाली झुंबर शे ना वं?"

झुंबरबाईंनी एकदा कमलकडे पाहिलं.

"नाही हो. मी शाळेत होते."

"काय माय मनी नजर! म्हातारी व्हयनू आते." भिकुबाई हसली. मग मुलाच्या बापाकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगू लागली. हा आप्पा तान्हा असताना ती माहेरी धुळ्याला आली होती. खेळ चालू असताना झोळीत त्याला आकडी आली. झुंबर त्याला छातीशी धरून अनवाणी डॉक्टरांकडे पळाली. भिकुबाईला कळलं तेव्हा पोर शुद्धीवर येऊन झुंबरच्या मांडीवर हसत होतं. "मी तिले साडी लई गयथू नंतर. घेतीच नई. आज भेटती तं आप्पाले तिना पाया पडाले लावती."

हिलाल खाली बघत बसला. कमल सासूकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत दटावणी नव्हती. झुंबरबाईंच्या तोंडाशी आलं, मीच ती. पण मग आत्ताचं खोटं कुठे ठेवायचं? खोटं बोलणाऱ्यांच्या घरची मुलगी कोण करणार? नात दाराशी पदर सावरत उभी होती.

सुपारी फुटली. निघताना आप्पा घरातलं वडील माणूस म्हणून त्यांच्या पाया पडले. बाईंचे पाय आपोआप मागे सरकले.

"मावशी, कोणत्या शाळेत होतात?" उठता उठता आप्पांनी विचारलं.

झुंबरबाईंना एकाही शाळेचं नाव आठवेना. कमलनेच घाईघाईने एक सांगितलं.

"हो," झुंबरबाई म्हणाल्या, "तीच."