पुढची सीट

आमच्या गाडीत पुढची सीट माझी. दुबईत इंटरनॅशनल सिटीतल्या घरून जेबेल अलीच्या ऑफिसला आम्ही एकाच गाडीने जायचो. गाडी वसईच्या एका सहकाऱ्याची, तोच चालवायचा. मागे अकाउंट्समधल्या दोघी मुली. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "ताई, तुम्ही पुढे बसा." मी वयाने मोठी, हुद्द्यानेही. मानाची जागा म्हणून तीन वर्षं मी तिथे ऐसपैस बसत होते, वर एसीची हवाही माझ्याकडे वळवून घ्यायचे.

मागच्या वर्षी आमच्या स्टोअर्समधले काका आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आले. साठीला टेकलेले, उजव्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. पाय दुमडला की त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा. पहिल्या सकाळी मी मोठ्या मनाने खाली उतरले आणि म्हणाले, "काका, तुम्ही पुढे बसा, पाय लांब करता येईल." आणि मागे शिरले.

शिरले म्हणजे अर्धी शिरले. दोघी मुली एकमेकींना चिकटल्या, एकीने पर्स मांडीवर घेतली, तरी दार लागेना. पट्टा कुठे खुपसायचा तेच सापडेना. शेवटी वसईकर आरशात न बघता म्हणाला, "ताई, राहू दे, उशीर होतोय." काका गुपचूप उतरून मागे आले. मी पुढे बसले आणि जेबेल अली येईपर्यंत समोरच्या ट्रकांच्या नंबरप्लेटी वाचत राहिले. कसला डोंबलाचा मान. तीन वर्षं ही बिचारी माणसं माझ्या देहाची सोय बघत होती.

राग आला. आधी इतक्या अरुंद गाड्या बनवणाऱ्यांचा, मग घरी येऊन तो नवऱ्यावर काढला. तो म्हणाला, "अगं, इथे आलं की सगळेच भरतात." खोटं नव्हतं ते. आमच्या ऑफिसात नव्या माणसाला सांगतातच, पहिल्या वर्षी व्हिसा लागतो, दुसऱ्या वर्षी नवीन पँट लागते. पुण्यात बसस्टॉप, भाजी, बँक करता करता मी किती चालायचे ते मलाही कळायचं नाही. इथे लिफ्टने खाली, गाडीत, गाडीतून पुन्हा लिफ्टमध्ये. कोथिंबिरीची एक जुडी हवी असली तरी खालच्या ग्रोसरीला फोन. कॅफेटेरियासमोर हॉर्न वाजवला की करक, म्हणजे आपला कडक चहा, थेट गाडीच्या खिडकीत. आणि बाहेर पडावं म्हटलं तर उन्हाळ्यात संध्याकाळी सातलाही अंग भाजतं. पण काकांचा गुडघा यातली एकही सबब ऐकून घेणार नव्हता. रोज संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर ते दार धरून मिनिटभर उभे राहायचे आणि मग म्हणायचे, "चला, खलास." मला ते बघवायचं नाही.

मग मी ड्रॅगन मार्टमध्ये, म्हणजे आमच्या जवळच्या लांबलचक चिनी मॉलमध्ये, चालायला लागले. एसी फुकट, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ते संपता संपत नाही. टाइल्स, झुंबरं, प्लास्टिकची फुलं, आणि नेमकी दम लागतो तिथे सोफ्यांची दुकानं. मुलगा एकदा सोबत आला, "मम्मा, यू आर सो स्लो," म्हणाला आणि परत फिरकला नाही. ऑफिसात कोणाच्या वाढदिवसाचा केक आला की मी प्रिंटरपाशी जाऊन उभी राहायचे. भात सोडला नाही, अर्धा केला. तेवढी संत मी नाही. डॉक्टरीणबाई शुगरचा रिपोर्ट बघून खूश झाल्या. शुगरचं त्यांचं त्यांना, मला मागची सीट हवी होती.

आठ महिने गेले. एका सकाळी काही न बोलता मी मागचं दार उघडलं आणि दोघींच्या मधे जाऊन बसले. पायाखाली उंचवटा, दोन्ही बाजूंनी कोपरं, एसीचा वारा नावालाही नाही. दार लागलं. पट्टाही लागला. इतकी वाईट जागा मिळाल्याचा इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

"काका, तुम्ही पुढे बसा," मी म्हणाले. "तिथे एसीने माझं डोकं धरतं."

काकांनी वळून माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग ते सावकाश पुढे बसले, सीट मागे सरकवली आणि उजवा पाय हळूहळू सरळ केला. वसईकर आरशात माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, "यल्ला, ताई, चला." पहिला सिग्नल यायच्या आत काका घोरायला लागले होते.