विमानभाडं

भोकरदनच्या शाळेत मी बारा-पंधरा वर्षं इंग्रजी शिकवत होतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पेपरात जाहिरात पाहून अर्ज केला, मुंबईला मुलाखत दिली, आणि मालदीवच्या एका बेटावरच्या शाळेत नोकरी लागली. करारात लिहिलं होतं की विमानभाडं 'रिइम्बर्स' केलं जाईल. मी तो शब्द वाचला आणि ज्याला त्याला सांगत सुटलो, "जायचा सगळा खर्च त्यांचा. तिकीट पोस्टानं येईल."

शाळेनं लगेच निरोप समारंभ केला. हार, शाल, नारळ, आणि एक मोठी सुटकेस. मी भाषणात गहिवरून बोललो, दोन-चार मुलीही रडल्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शाळेत हजर. रजा तर तिकीट आल्यावरच टाकायची होती. तिकीट काही येईना. आठवडाभरानं चित्रकलेचे सर म्हणाले, "सर, तुमचं इमान पंक्चर झालं काय?" ज्या मुली रडल्या होत्या त्या आता माझ्याकडे बघून तोंडावर रुमाल धरत.

शेवटी एसटीडी बूथवरून मालदीवला फोन लावला. तिकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, तिकीट तुम्ही काढायचं, वर्ष पूर्ण झालं की पैसे परत मिळतील. घरी येऊन मी शब्दकोश उघडला. 'परतफेड करणे' असाच अर्थ होता. दहावीच्या पोरांना 'शब्द अडला की अंदाज करू नका, कोश पाहा' असं मी दरवर्षी बजावायचो.

नवीन जालन्यात माझ्या मेहुण्याचं बियाण्यांचं दुकान आहे. त्यानं पैसे दिले आणि म्हणाला, "दाजी, मुंबईहून बराबर इमानानं जा. त्रास करून घेऊ नका."

बायकोचंही तेच मत. "पैसे परत भेटणारच हैत ना, मंग कंजूषी कशाला करून राह्यले?"

"आणि नाही भेटले तर?" मी म्हणालो. एकदा फसलेला माणूस शहाणा होतो अशी माझी समजूत होती. मी असं ठरवलं की जालन्याहून रेल्वेनं सिकंदराबाद, तिथं गाडी बदलून तिरुवनंतपुरम, आणि फक्त शेवटचा टप्पा विमानानं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि सुटकेस घेऊन मी निघालो. पोचेपर्यंत कंबर धरली होती, भाकरीला बुरशी आली होती. पण किती वाचवले या आनंदात मी विमानात बसलो, आणि उतरायची वेळ कधी आली ते कळलंही नाही.

बेट एवढंसं होतं. शाळा सुटल्यावर एक फेरी मारली की संपायचं. मुलं गोड होती. माझं इंग्रजी त्यांना समजायला महिना गेला, त्यांचं मला समजायला दोन. दिवाळीत मला इतकी घरची आठवण झाली की बॅग भरून ठेवली. पण मध्येच सोडलं तर भाडं बुडणार होतं. शेजारी राहणाऱ्या लखनौच्या शिक्षिका म्हणाल्या, "भाईसाहब, भाड्यासाठी तरी थांबा." बॅग पुन्हा रिकामी केली. माझ्या चिकाटीचं नंतर शाळेत जे कौतुक झालं, त्याचं खरं कारण हे.

वर्ष संपल्यावर आम्ही दोघं ऑफिसात तिकिटं घेऊन गेलो. त्या बाई लखनौहून दिल्ली, दिल्लीहून तिरुवनंतपुरम, तिथून पुढं, अशा सगळं अंतर विमानानंच आलेल्या. त्यांना सगळंच्या सगळं भाडं मिळालं. माझं रेल्वेचं तिकीट कारकुनानं बाजूला सारलं. करारात विमानाचं भाडं म्हटलंय, तो म्हणाला. रेल्वेचं नाही. म्हणजे दोन दिवस भाकरी खाऊन मी जे वाचवलं होतं, ते मालदीवच्या सरकारचं वाचवलं होतं. बाई हसू दाबत म्हणाल्या, "बडे ईमानदार निकले आप."

सुट्टीत घरी जायचं तिकीट मात्र शाळाच काढून देणार होती, घराजवळच्या विमानतळापर्यंत. आता मी मागं हटणार नव्हतो. औरंगाबादपर्यंत विमानच मागितलं. घरच्यांना चकित करायचं म्हणून पत्रात फक्त तारीख कळवली, कसा येतो ते लिहिलं नाही.

औरंगाबादला उतरलो, बस धरली आणि भर दुपारी भोकरदनला घरापुढं उभा राहिलो. दाराला कुलूप. कोट घालून पायरीवर बसलो. शेजारच्या काकू पाणी घेऊन आल्या. "आवो, तुम्ही हितं कसे? घरचे सगळे जीप करून जालन्याला गेलेत, टेसनावर. तुम्ही रेल्वेनंच गेल्ते ना?"

दिवस मावळताना जीप आली. बायको उतरली तेव्हा तिच्या हातात कोमेजलेला हार होता. मला पाहून ती जागीच थांबली. मागून मेहुणा उतरला.

"कशानं आले?" तिनं विचारलं.

"विमानानं. म्हटलं, तुम्हाला गंमत वाटेल."

"सिकंदराबादची गाडी आली, सगळे उतरले, तुम्ही न्हाई. मंग दुसरी पाहिली. वाटेत काही झालं की काय म्हणून मी टेसनमास्तरला इचारून राह्यले, आणि तुम्ही गंमत करून राह्यले?" एवढं बोलून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी कोट काढून ठेवला. मेहुण्याला जीपचं भाडं दिलं, ते त्यानं खिशात घातलं.

रात्री तिनं आम्हाला जेवायला वाढलं. भात झाल्यावर तिनंच विचारलं, "वरून कसं दिसतं? आपला मुलूख ओळखू येतो का?"

मेहुणाही हात थांबवून माझ्याकडे बघायला लागला. थापा मारायला जागा होती. पण तिनं अख्खा दिवस उन्हात काढला होता.

"मुंबईहून बसलो अन् डोळा लागला," मी म्हणालो. "औरंगाबादला त्यांनी हलवून उठवलं."

मेहुण्याला ठसका लागला. ती पदरानं तोंड झाकून हसायला लागली, आणि हसता हसताच तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला.