गुरुवारी पास झालेली टेस्ट

“सेन्सर ओके होता, मग हात आत गेलाच कसा? या ऑपरेटरनंच तो बायपास केला असणार,” प्लांट हेड म्हणाले. टेबलावर माझा टेस्ट रिपोर्ट होता. खाली माझी सही.

चाकणच्या त्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर ऑपरेटर नामदेवभाऊंची उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. प्रेससमोर किरणांचा पडदा असतो, तोच सेन्सर. हात आत गेला की किरण तुटतो, प्रेस थांबते. त्या दिवशी थांबली नाही. आता कंपनी त्यांना काढायच्या तयारीत होती. पडद्याचं सॉफ्टवेअर माझं. मला बोलावलं होतं ते फक्त हो म्हणायला.

नामदेवभाऊ बाहेर बाकावर बसले होते. “म्या कामून खोटं बोलू, मॅडम? सेन्सरला शिवलो बी नाही.”

हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात परत येऊन मी कोड उघडला. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तिथं प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे यंत्राशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, मेमरीत आपापली जागा असते, पण हद्द ओलांडली तर अडवणारं कोणी नसतं. प्रेसमधून निघणारे जॉब, म्हणजे तयार भाग, मोजणारा माझा ड्रायव्हर जागा भरली की एक घर पुढं लिहीत होता. त्या घरात ‘किरण तुटला’ ही नोंद असायची. ती पुसली जायची आणि प्रेसला वाटायचं, समोर कोणी नाही.

टेस्टमध्ये का दिसलं नाही? एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. लाईन बंद असते, म्हणून आम्ही टेस्टिंग तेव्हाच उरकायचो. एकच प्रेस, तीही रिकामी. जागा भरायची ती त्याच सिस्टिमवरच्या तिन्ही प्रेस एकदम चालल्यावर. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय!

माझ्या मॅनेजरला दाखवलं. “अगं, लेखी देऊ नकोस. गुपचूप दुरुस्तीचा पॅच टाक. क्लायंट जाईल.”

“आणि त्यांची नोकरी?”

“ते त्यांचं एचआर बघेल.”

असा संताप आला! त्याच दुपारी मी प्लांट हेडना मेल केला. चूक माझी, कोडसकट.

कारखान्यानं नामदेवभाऊंवरची चौकशी मागे घेतली. क्लायंट गेला, महिन्याभरात माझी नोकरीही गेली. नामदेवभाऊंना स्टोअरमध्ये घेतलं. मी भेटायला गेले, तर डाव्या हातानं चहा पुढं केला.

“गावाकडं समदे म्हनत होते, यानंच कायतरी केलं असंल. ते तरी मिटलं,” ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून, “पन मॅडम, हे तुम्हाला अगोदर दिसलं नसतं का?”

दिसलं असतं. चालू शिफ्टमध्ये तासभर त्यांच्या शेजारी उभी राहिले असते, तर.